तारीख तपासा

च्यातुरा गावात, खाणकामगारांच्या क्लबाखालच्या तळघरात
नाझिब्रोलाबाई बटण दाबतात
तेव्हा आधी पंखा खोकतो,
मग मेमरी मोजली जाते,
चिल्लर मोजावी तशी, सावकाश.
सोळा एमबी. एवढंच अंथरूण.
आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
घड्याळातली वेळ अशक्य आहे.
तारीख तपासा, पुन्हा लावा!

चिपच्या पोटातली बॅटरी केव्हाच मेली.
त्यामुळे हे यंत्र रोज उठतं
ते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला.
तेव्हा इथे दुसरा देश होता.
दरीवरून लोखंडी पाळणे वर खाणीकडे जात
आणि त्यांच्या इंजिनघरात
बाई नुकत्याच कामाला लागल्या होत्या,
वेणी रुमालात घट्ट बांधून,
दोरखंडात सापडू नये म्हणून.

बाई आजची तारीख टंकतात.
रूबल, कुपोनी, लारी,
एक युद्ध, मग आणखी एक,
एवढं सगळं एंटरच्या एका टिचकीत ओलांडून
यंत्र आजवर येतं. दमतही नाही.
"बरंय तुझं, बेबो," बाई म्हणतात.
बेबो म्हणजे आजी. आमच्याकडे आजी
नातवालाच आजी म्हणून हाक मारते.
मलाही तीच हाक.
यंत्र आणि मी एका पंगतीत.

मी आलो होतो सात फ्लॉप्या घेऊन.
युनिक्सच्या कुळातलं, पोटापुरतं मागणारं काहीतरी.
पाचवी फ्लॉपी खराब निघाली.
दुसरी मिळाली ज़ेस्टापोनीत, एका दंतवैद्याच्या खणात,
तिच्यावर कुणाच्या तरी दाढा होत्या.
पुसल्या.

मग गाभ्याची यादी उघडली.
बाई चष्मा चढवून शेजारी.
"हे आहे आपल्याकडे?"
नाही.
"काढ."
साउंड कार्ड. काढ. टेप ड्राइव्ह. काढ.
नेटवर्क कार्डांचे सतरा प्रकार, एकेक विचारून काढले.
काढणं म्हणजे ओळीपुढे नुसती एक खूण.
ओळ जागेवरच राहते, यंत्र ती वाचत नाही.
बाई म्हणाल्या, "आमच्या जिन्यातल्या घंट्यांसारखं.
नावं आहेत अजून.
माणसं बारीत, सालोनिकीत,
म्हाताऱ्या इटालियनांना आंघोळ घालतायत."

मंगळवारी सकाळी बांधणी सुरू केली.
त्या रात्री वीज गेली.
मी कपाळावर हात मारला,
बाईंनी मेणबत्ती लावली आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या.
वीज आली. तीच आज्ञा पुन्हा दिली.
यंत्राने झालेलं चाचपलं,
उरलेलं तेवढं पुढे नेलं.
"हे शिकवावं लागत नाही होय?" बाईंनी विचारलं,
"आम्हाला तर ब्याण्णवचा अख्खा हिवाळा लागला."
गुरुवारी दुपारी ते स्वतःच्या पायांवर उभं राहिलं.

आता त्यात क्लबाच्या ग्रंथालयाची कार्डं चढतात,
दिवसाला चाळीस, कधी पंचेचाळीस.
शोध म्हटलं की शोधतं,
तोवर चहा गाळून होतो.
मी म्हणालो, चिप घासून उघडतो,
बाहेरून एक नाण्याएवढी बॅटरी जोडतो,
तारखेची कटकट मिटेल.
बाईंनी पेचकस माझ्या हातातून काढून
आपल्या एप्रनच्या खिशात घातला.
अजून परत दिलेला नाही.

फेब्रुवारीत एकदा
त्यांनी वर्ष टंकलं दोन हजार चौतीस.
यंत्राने हरकत घेतली नाही.
त्या दिवशीची एकोणचाळीस कार्डं,
बहुतेक पूल बांधण्यावरची पुस्तकं आणि एक पाककृतींचं,
तारखेसकट साठवली गेली.
दुसऱ्या दिवशी यंत्र कुरकुरलं:
ही फाईल भविष्यातली आहे.
मी दुरुस्त करायला बसलो.
एका ओळीचं काम.

बाई चष्मा पुसत होत्या, बराच वेळ,
काच स्वच्छ होती तरी.
"राहू दे तिथेच," म्हणाल्या,
"माझ्याआधी कुणीतरी जाऊन
दिवे आहेत का बघू दे."